आपल्या वऱ्हाडचे वसंतराव

स्मरणिका समितीचा निरोप आला, की प्रत्येकाने आपल्या आवडत्या थोर व्यक्तीवर लिहावं. तेव्हाच मी ठरवलं, गांधीजी, विनोबा आणि जमनालालजींवर लिहायचं नाही. वर्ध्याच्या कुठल्याही स्मरणिकेत ते असतातच आणि आपल्या वर्गातले चारपाच जण त्यांच्यावर लिहिणारच. सावंगी (मेघे) ते सेवाग्राम अंतर ते किती! मी लिहिते आहे गाणाऱ्या माणसावर. डॉ. वसंतराव देशपांडे. त्यांना जाऊन आता चाळीस वर्षांच्या वर झाली. गुरुजनांना त्यांच्याबद्दल सांगायला नको, त्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं असेल. पण आपल्यापैकी अनेकांना ते राहुल देशपांडेंचे आजोबा म्हणूनच ठाऊक आहेत, आणि बरेच जण त्यांना पुण्याचे समजतात. म्हणून हा लेख.

वसंतराव पुण्याचे नव्हेत, मूर्तिजापूरचे. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर आपल्याला गाडीतून जाताना लागतं. वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा आणि मग मूर्तिजापूर. तिथे मोठ्या लाइनला आपली शकुंतला येऊन मिळायची, एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ. त्या गावी २ मे १९२० रोजी वसंतरावांचा जन्म झाला. पण ते वाढले नागपूरला, आणि वाढवलं ते आईने, एकटीने. राधाबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या आणि स्वतःच्या हिमतीवर त्यांनी संसार रेटला. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं राहून, पदरात मूल घेऊन शहरात घर चालवणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांच्या आयांनी तसंच केलं त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या वर्गात अशा तिघी-चौघी आया होत्या. शाळेची फी भरायला त्याच यायच्या आणि रांगेत शेवटी उभ्या राहायच्या. राधाबाईंनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला गाणं शिकायला घातलं, ही गोष्ट मला वसंतरावांच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठी वाटते. पोराने चार अक्षरं शिकून नोकरीला लागावं, असं म्हणायचे ते दिवस. गाणं ही नोकरी नव्हे.

नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींची श्रीराम संगीत विद्यालय नावाची शाळा होती. वसंतरावांचे पहिले धडे तिथले. पुढे हिंदी-मराठी सिनेमा गाजवणारे संगीतकार सी. रामचंद्र हेही याच सप्रे गुरुजींकडे शिकले. नागपूरच्या एका साध्या गायनशाळेतून असे दोन विद्यार्थी निघाले, हे मी मुद्दाम शिक्षकांसाठी लिहिते आहे. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात वसंतरावांना कृष्णाची भूमिका मिळाली. गाणारा, दिसायला गोड मुलगा. त्या काळी सिनेमात काम करणाऱ्याला स्वतःच गावं लागे. एवढ्यावर नशीब उघडायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. बालनटाची हौस संपते तशी ती संपली.

मग आलं लाहोर. तरुण वयात वसंतराव तिकडे गेले आणि तिथे असद अली खाँ यांच्याकडे शिकले. त्या शिकण्याची गोष्ट गाणाऱ्यांमध्ये अजून सांगितली जाते. उस्तादांनी त्यांना महिनोन्‌महिने एकच राग दिला, मारवा. दुसरं काही नाही. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते (मलाही थोडंच कळतं): मारव्यात पंचम लागतच नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्‌ज, म्हणजे ज्या सुरावर येऊन माणूस टेकतो तो घरचा सूर, फार जपून घ्यायचा. सूर्य मावळतानाचा राग. ऐकताना वाटत राहतं, की हा माणूस घरी यायला निघाला आहे आणि पोचत नाही. असा राग एखाद्या पोराला महिनोन्‌महिने घोटायला लावला, की बाकीच्या रागांकडे बघायची त्याची नजरच बदलते. वसंतरावांचा मारवा पुढे फार गाजला, त्याची ध्वनिमुद्रणं आहेत. ती सायंकाळीच ऐका, दुपारी नको.

लाहोरनंतर त्यांनी एकच गुरू धरला नाही. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर, शिवाय वझेबुवा, असे कितीतरी दरवाजे त्यांनी वाजवले. आणि मनात कायम मास्टर दीनानाथ. दीनानाथ मंगेशकरांचं गाणं म्हणजे वीज, कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. वसंतरावांना तेच भावलं. त्यांचाही आवाज बालगंधर्वांसारखा मधाळ नव्हता, तो धारदार होता. तान एका दिशेने निघायची, ऐकणारा मनात तिचा शेवट धरून बसायचा, आणि ती भलतीकडेच वळून बरोबर समेवर येऊन पडायची. ते तबलाही उत्तम जाणत, त्यामुळे लयीशी खेळणं त्यांच्या अंगात होतं.

इतक्या जणांकडून घेतलं, म्हणून तर पंचाईत झाली. आपल्याकडे गवयाला पहिला प्रश्न घराण्याचा. मुलीच्या स्थळाला विचारतात तसाच. ज्याचं घराणं एक नाही त्याला मोठ्या मैफलींत बोलवायला लोक बिचकत. ठुमरी गातो, गझल गातो, लावणी गातो, नाटकातली पदं गातो, मग हा शास्त्रीय गवई कसला, असाही सूर असे. कुणीतरी त्यांना घराणं विचारलं तेव्हा त्यांनी आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं असं उत्तर दिलं, असं सांगतात. लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला त्यात थोडा रागही ऐकू येतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. वसंतरावांनी नोकरी केली ती लष्कराच्या हिशेब खात्यात, पुण्याला, कारकून म्हणून, आणि थोडीथोडकी नव्हे, वीस वर्षांहून अधिक. मी स्वतः सारी हयात हिशेबाच्या टेबलावर काढली. त्यामुळे मला ते चित्र अगदी डोळ्यांसमोर दिसतं. सकाळी सही करायची, खतावण्या उघडायच्या, बेरजा जुळवायच्या, महिनाअखेर आली की मान वर करायची नाही. आकडा जुळला नाही तर घरी जेवताना तोच आकडा डोक्यात. अशा नोकरीत संध्याकाळी घरी आल्यावर माणसाला तंबोरा लावावासा वाटतो, याचंच मला नवल. रात्री मैफल असली की जागरण, आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजर. साठच्या दशकात त्यांची बदली थेट ईशान्य सीमेवर नेफात झाली, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या बाजूला. गाणाऱ्या माणसाला याहून लांब कुठे पाठवता आलं नसतं. ना श्रोता, ना साथीदार. घर, संसार आणि महिन्याचा पगार, म्हणून गेले.

त्या काळातही त्यांच्यावर जीव लावणारी दोन माणसं होती. एक पु. ल. देशपांडे. पुलंची आणि त्यांची मैत्री जुनी, वसंतरावांच्या गाण्याला पुलंनी पेटीची साथ कितीदा केली असेल. दुसऱ्या बेगम अख्तर. त्यांनी वसंतरावांमागे लकडा लावला, की नोकरी सोड आणि गा. साठच्या दशकाच्या मध्यावर वसंतरावांनी खरंच नोकरी सोडली. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. पेन्शनीची वर्षं मोजायचं वय ते. आपल्यापैकी जे नोकरीत होते त्यांनी त्या वयात काय केलं असतं ते ज्याने त्याने आपल्याशी ठरवावं. मी तर सोडली नसती.

आणि मग दोन-तीन वर्षांत 'कट्यार काळजात घुसली' आलं.

संगीत नाटकाची तेव्हाची स्थिती थोडी सांगायला हवी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हापासून पन्नास वर्षं मराठी माणसाने नाटक म्हणजे गाणं असंच मानलं. रात्र रात्र चालणारे प्रयोग, वन्समोअरवर वन्समोअर. १९३२ नंतर बोलपट आले आणि कंपन्या एकेक करून बसल्या. दीनानाथ १९४२ मध्ये गेले. बालगंधर्व हलाखी भोगून १५ जुलै १९६७ रोजी गेले. मधल्या काळात संगीत नाटक संपलं असं बहुतेकांनी धरलं होतं. पण गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून नव्या चालीची पदं दिली, तीही आटोपशीर, आणि लोक पुन्हा तिकिटाच्या खिडकीवर आले. बालगंधर्व गेले त्याच वर्षी, २४ डिसेंबर १९६७ ला, नाट्यसंपदेने 'कट्यार'चा पहिला प्रयोग केला. संगीत अभिषेकींचं. नाटक आणि त्यातली पदं लिहिली नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. दारव्हेकर मास्तर म्हणून त्यांना सारं नागपूर ओळखे. म्हणजे लिहिणारा नागपूरचा आणि खाँसाहेब झालेलाही नागपुरात वाढलेला. पुण्या-मुंबईचे लोक हे विसरतात, म्हणून इथे ठळक लिहून ठेवते.

नाटकाची गोष्ट अशी. एका संस्थानात दरबारी गवयाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही दोन घराणी समोरासमोर. मान पंडितांकडून खाँसाहेबांकडे जातो. पंडितांचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांकडे विद्या मागायला येतो, ते देत नाहीत, आणि तो त्यांच्याच घरात राहून चोरून ऐकत शिकतो. भार्गवराम आचरेकर पंडित झाले होते, वसंतराव खाँसाहेब. एकच पद दोन घराण्यांच्या दोन तऱ्हांनी गायलं जातं आणि प्रेक्षकाला, ज्याला सा कळत नाही त्यालाही, फरक कळतो. ही अभिषेकींची करामत.

माझे बाबा नागपूरला जाऊन 'कट्यार' बघून आले होते. त्यांना नाटकाचं कथानक नीट सांगता येत नसे, पण वसंतराव कसे बसायचे, भुवई कशी उचलायचे, रागावले की आवाज कसा खाली आणायचे, हे ते करून दाखवायचे. खाँसाहेब घराण्यापायी हट्टी झालेला, आतून एकटा पडलेला, आणि गाण्यापुढे मात्र शेवटी वाकणारा. वसंतरावांनी त्याला खलनायक होऊ दिलं नाही. त्या हिंदी-उर्दू वळणाच्या बोलण्यात लाहोरचे दिवस त्यांच्या कामी आले असावेत असा माझा अंदाज.

मला या भूमिकेत एक वेगळीच गंमत दिसते. खाँसाहेब हा घराण्याच्या कुंपणापलीकडे स्वर जाऊ न देणारा माणूस, आणि तो साकारला कुणी, तर ज्याला घराणं नाही म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं बाजूला ठेवलं त्याने. खरं तर वसंतराव जन्मभर सदाशिव होते. या दारी, त्या दारी उभं राहून मिळेल ते वेचत आलेले. ज्याने तो उंबरठा बाहेरून पाहिला होता तोच आता आत बसून दार लावत होता. त्यामुळेच शेवटच्या प्रवेशात त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते नुसत्या अभिनयाने येत नसावं. बाबा तो प्रवेश करून दाखवत नसत. तिथे ते थांबायचे.

'कट्यार'ने वसंतराव घराघरांत गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी! तबकड्या निघाल्या. आकाशवाणी नागपूरवर पदं लागायची, गणपतीच्या मांडवात भोंग्यावर लागायची. आपल्याकडे ती इतकी ऐकू यायची की शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी कुणीतरी एखादं म्हणायचंच. आपल्या तुकडीत कोण म्हणायचा ते सगळ्यांना आठवत असेल. नाव लिहीत नाही, त्याला संकोच होईल. मुलांनी बाकं वाजवून पुन्हा म्हणायला लावलं होतं आणि मुख्याध्यापकांनीही अडवलं नव्हतं. दहावीनंतर त्याच्या घरची शेती, बहिणींची लग्नं, दोन वर्षांची नापिकी. त्याने गाणं सोडलं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. लवकरच पुण्यातही ते दिसू लागलं. कृष्णधवल चित्र, एकच वाहिनी, संध्याकाळचे थोडे तास, आणि ज्याच्याकडे संच त्याच्या घरी सारी आळी. नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा कधी दिसत नसे. आता दिसू लागला. बरेच जुने गायक नट त्या कॅमेऱ्यापुढे अवघडले, कारण त्यांची सवय आवाज आणि हात मोठा करण्याची. वसंतराव अवघडले नाहीत. दूरदर्शनवर गाताना ते घरात बसल्यासारखे दिसतात. नाट्यसंगीताची वाटचाल समजावताना ते एका गायकाची धाटणी दाखवतात, लगेच दुसऱ्याची, मग हसून तिसऱ्याची. बालगंधर्व कसे लडिवाळ घ्यायचे, दीनानाथ कसे झेप घ्यायचे. नक्कल करत नाहीत. उत्तम शिक्षक फळ्याशी उभा राहून दोन रीतींनी गणित सोडवून दाखवतो, तसं ते. जी तऱ्हा त्यांनी कुणाकुणाकडून उचलली, ती उचलल्याचं ते लपवत नाहीत. माझ्या मते पुढच्या पिढ्यांना संगीत नाटक कळलं त्यात या छोट्या पडद्याचा वाटा मोठा आहे. प्रयोग संपला की पडदा पडतो, चित्रफीत राहते. आपल्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. सावंगीला संच आले तेव्हा वसंतराव नव्हते. मी त्यांना दूरदर्शनच्या त्या धूसर चित्रफितींत पाहिलं ते फार उशिरा, मुलाने मोबाइलवर लावून दिल्या तेव्हा. तीन रात्री झोपले नाही.

१९७९ मध्ये 'अष्टविनायक' हा चित्रपट आला. सासरी निघालेल्या लेकीला निरोप देणाऱ्या बापाचं त्यातलं गाणं वसंतरावांनी म्हटलं आहे, आणि चित्रपटात कामही केलं आहे. त्यात एकही अवघड तान नाही. ज्याच्या गळ्यात इतक्या विजा, त्याने तिथे सगळं आवरून धरलं. विदर्भात गेली चाळीस वर्षं असं लग्न नसेल जिथे ते वाजलं नाही. मुलीकडची सगळी मंडळी रडायची आणि बँडवाल्याला त्याचा हिशेब मिळायचा. माझ्या लग्नातही वाजलं. बाबा मांडवाच्या मागे जाऊन उभे राहिले होते.

१९८२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, पुण्यात ते गेले. वय त्रेसष्ट.

सवयीने मी हिशेब मांडला. त्रेसष्ट वर्षांतली वीसेक टेबलावर. पूर्ण वेळ गायक म्हणून जेमतेम अठरा, आणि 'कट्यार'नंतरची सोळा सुद्धा पुरी नाहीत. जे काही आपण आज वसंतराव म्हणून ओळखतो ते बहुतेक त्या सोळा वर्षांत झालं. नोकरी दहा वर्षं आधी सुटती तर आणखी काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. दुसरी बाजूही दिसते. चूल त्या नोकरीनेच पेटती ठेवली होती, आणि खाँसाहेबाच्या डोळ्यांतली ती थकलेली धग फायलींमागे काढलेल्या वर्षांशिवाय आली असती का, कोण जाणे. या दोन्हींची बेरीज मला जुळवता आलेली नाही.

नागपूरने त्यांची आठवण ठेवली आहे. सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या सभागृहाला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह असं नाव आहे. आपल्यापैकी कितीतरी जण तिथे मुलांच्या कार्यक्रमांना, नाटकांना गेले असतील. त्यांच्या स्मरणार्थ नागपुरात संगीत समारोहही भरतो. सावंगीहून फार लांब नाही, एकदा जाऊन बसावं. २०१५ साली 'कट्यार' चित्रपटरूपात आलं तेव्हा खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, म्हणजे 'अष्टविनायक'मधला तो तरुण नायक. त्यांच्यासाठी गायले नातू राहुल देशपांडे. आणि २०२२ मध्ये आलेल्या 'मी वसंतराव'मध्ये राहुल स्वतः आजोबा झाले. त्यातल्या गाण्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात राधाबाई बघा. मला तर निम्मा चित्रपट त्यांचाच वाटला.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातनंतर शाळेच्या मैदानात करमणुकीचा कार्यक्रम आहे. पेटीची सोय माझ्याकडे आहे, तबला वाजवणारा मुलगा वर्ध्याहून येतो आहे. आपल्या त्या गायक मित्राला मी फोन केला होता. आवाज राहिला नाही, असं तो म्हणाला. मी त्याला पट्टी विचारली, तर पांढरी दोन असं लगेच सांगितलं. मी ती लिहून ठेवली आहे.